गिऱ्हाईक मागते म्हणून...

(रविवारचा अभ्यासपाठ)

वाचनासाठी: मत्तय २६:१४-१६ व २७:३-८, प्रेषितांची कृत्ये ८:९-२४, अनुवाद २२:८, लूक १९:१-१०



नाताळचा गोठा आवरून ठेवण्याचे दिवस आले, की आपल्या प्रताप नगरच्या आकाशात पतंग दिसू लागतात. संक्रांत जवळ आलेली असते. गच्चीगच्चीवरून ‘ओ काट’च्या आरोळ्या ऐकू येतात. लहानपणी आपणही त्या ठोकल्या आहेत. पतंग उडवण्यात काही वाईट नाही. देवाने दिलेल्या निर्मळ आनंदांपैकीच तो एक आहे.

परंतु याच दिवसांत दुकानांच्या काउंटरवर हलक्या आवाजात एक संवाद चालतो.

“भाऊ, तो मांजा आहे काय?”

“कोणता?”

“तोच.”

पुढे कोणी काही बोलत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चक्री पिशवीत जाते, पैसे गल्ल्यात जातात. विकणारा खूश, घेणाराही खूश.

‘तो’ म्हणजे नायलॉनचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही दर जानेवारीत पोलीस चक्र्या जप्त करतात आणि दर जानेवारीत त्या विकल्याही जातात.

आमच्या अभ्यासगटात हा विषय निघाला, तेव्हा छोटे दुकान चालवणाऱ्या एका बंधूने सरळ प्रश्न विचारला : “मी कोणाच्या हातात बळेच देत नाही. तो मागतो, मी देतो. पैसे ठरलेले, फसवणूक नाही. मग पाप कोणाचं?” प्रश्न प्रामाणिक होता. तो केवळ मांजाचाही नाही. पानठेल्यावरच्या सुगंधित तंबाखूच्या खर्र्याला, बंदी असलेल्या जिल्ह्यात नेल्या जाणाऱ्या दारूला आणि शाळकरी मुलाला दिलेल्या सिगारेटलाही तो लागू होतो. त्या प्रश्नावर आम्ही जे वाचले आणि बोललो, ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. करार दोघांचा, किंमत तिसऱ्याची

शुभवर्तमानात एक सौदा आहे. विकणारा आपल्या पायांनी चालत गेला. घेणारे आनंदाने तयार होते. किंमत आधी ठरली, पैसे रोख मोजून दिले गेले. कोणी कोणाला फसवले नाही की कोणावर जबरदस्ती केली नाही. व्यवहार म्हणून पाहिले, तर यहुदा इस्कर्योत आणि मुख्य याजक यांच्यातील तीस रुप्यांचा तो करार अगदी चोख होता.

मग त्यात चुकले काय? चुकले एवढेच, की ज्याच्या जिवावर तो करार झाला, त्याला कोणी विचारले नव्हते. दोघांच्या संमतीने तिसऱ्याचा जीव विकला गेला.

नायलॉनच्या मांजाचेही असेच आहे. दुकानदार राजी असतो, गिऱ्हाईक राजी असते. परंतु संध्याकाळी कामावरून दुचाकीने घरी निघालेला माणूस त्या सौद्यात कुठेच नसतो. सुती दोरा ताण पडला की तुटतो, पावसापाण्यात कुजतो. नायलॉनचा धागा सहजासहजी तुटत नाही आणि कुजतही नाही. पतंग कटल्यावर तो विजेच्या तारांवर, झाडांवर आणि रस्त्यावर आडवा लोंबत राहतो. अंधारात डोळ्यांना दिसत नाही. गाडीच्या वेगात तो गळ्याला लागला की सुरीसारखा चालतो. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच नागपुरात दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याचा असा मृत्यू झाला. संक्रांत सरल्यावरही कित्येक आठवडे झाडांमध्ये अडकलेले पक्षी पंख फडफडवून मरतात. त्यांना तर ‘नाही’ म्हणण्याचीही सोय नाही.

म्हणून त्या बंधूच्या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर असे : गिऱ्हाईक राजी आहे काय, एवढेच विचारणे पुरत नाही. या वस्तूची किंमत शेवटी कोण मोजणार आहे आणि त्याला कोणी विचारले आहे काय, हेही विचारले पाहिजे.

२. “माझं काम विकण्याचं, वापरणारा जाणे”

ही सबब फार जुनी आहे. पैसे परत घेऊन आलेल्या यहुदाला मुख्य याजकांनीही हेच सुनावले : आम्हाला त्याचे काय, तुझे तू बघ. सौदा झाला की संबंध संपला, असे त्यांना वाटत होते. देवाच्या नजरेत मात्र संबंध संपत नाही.

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी वस्तू बनवणाऱ्यांविषयी एक उपयुक्त विभागणी केली आहे. काही वस्तू अशा असतात, की पाप केल्याशिवाय त्या वापरताच येत नाहीत. त्या बनवणाराही दोषी ठरतो. काही वस्तूंचा उपयोग चांगलाही होतो आणि वाईटही, उदाहरणार्थ तलवार किंवा बाण. त्या बनवणे हे पाप नव्हे. तिसऱ्या प्रकारच्या वस्तू मुळात वाईट नसतात, पण लोक त्यांचा बहुतेक वेळा वाईटच उपयोग करतात. अशा वस्तूंना राज्यकर्त्यांनी आळा घालावा, असे त्यांनी लिहिले.

या विभागणीने आमच्या गटातील बराच गोंधळ दूर झाला. सुरी विकणारा दोषी नाही, कारण सुरीने भाजी चिरतात. नायलॉनचा दोराही मुळात वाईट नाही. मासेमारीला तो लागतोच. परंतु जानेवारी महिन्यात चक्रीवर गुंडाळलेला दोरा कोणी अंबाझरीत मासे धरायला नेत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. ‘मला काय माहीत?’ हे म्हणणे खरे असेल, तर दोष कमी होतो. माहीत असून तसे म्हणणे हे दुसरे पाप.

मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यासाठी एक आज्ञा आहे. नवे घर बांधलेस तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे (अनुवाद २२:८). गच्चीवर जाणारा आपण होऊन जातो. तोल सांभाळणे हे त्याचे काम. तरीही परमेश्वर घरमालकाला जबाबदार धरतो, कारण धोका आधीच दिसत होता आणि कठडा घालणे त्याच्या हातात होते. ज्याच्या हातात टाळणे असते, त्याच्यावर जबाबदारी येते. काउंटरच्या आत उभा असलेला माणूस हाच पहिला कठडा असतो.

३. राजी गिऱ्हाईक खरेच राजी असते काय?

मांजाने तिसऱ्याचा जीव जातो. खर्र्याचे काय? तो खाणारा स्वतःचेच नुकसान करतो. मग विकणाऱ्याचा काय दोष?

आपल्या विदर्भात खर्रा काय असतो हे सांगायला नको. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून तो पन्नीत बांधून दिला जातो. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीचाही त्यात समावेश झाला. अन्नसुरक्षा कायद्यानुसार अशी बंदी एका वेळी एक वर्षापर्यंतच घालता येते, म्हणून तिचे आदेश पुन्हा पुन्हा काढावे लागतात. व्यापाऱ्यांनी त्यातूनही वाट काढली. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली; दोन्ही एकत्र करण्याचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपवले गेले. कायद्याचे अक्षर चुकवण्याची ही युक्ती. पण तोंडातल्या कातडीला दोन पुड्यांचा हिशेब कळत नाही. सुपारीने तोंडातील आवरण ताठर होत जाते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर तंबाखूशिवायची नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक ठरवली आहे. आपल्या शहरातील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात आप्तासाठी ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

आता ‘राजी’ या शब्दाकडे पाहू. कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते, की अज्ञान, भीती, दडपण आणि सवय यांमुळे माणसाची स्वतंत्र इच्छा क्षीण होते आणि त्या प्रमाणात त्याचा दोषही कमी होतो (परिच्छेद १७३५). सकाळी डोळे उघडल्याबरोबर ज्याचा हात पुडीकडे जातो, त्याची संमती पूर्ण आहे असे म्हणता येईल काय? पण गिऱ्हाइकाचा दोष कमी झाला, म्हणून विकणाऱ्याचा कमी होत नाही, उलट वाढतो. गिऱ्हाईक सवयीचे गुलाम असते. विकणारा शुद्धीवर असतो, आणि त्याचा धंदा त्या गुलामीवरच उभा असतो.

मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो विकणे, हे दोन्ही २००३ च्या कायद्याने गुन्हे आहेत. आणि लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याविषयी प्रभू येशू काय बोलला, ते आपण सर्व जाणतो. इतके कठोर शब्द त्याने क्वचितच वापरले.

आणखी एक गोष्ट. खर्रा खाणारा ‘स्वतःचेच’ नुकसान करतो, हेही पूर्ण खरे नाही. रोजीतले किती पैसे घरी पोचत नाहीत, हे त्याच्या पत्नीला विचारावे. इथेही एक तिसरा माणूस आहेच. तो फक्त स्वयंपाकघरात बसलेला असतो, म्हणून दिसत नाही.

४. बंदी आहे म्हणूनच वाईट काय?

आमच्या गटातील एका तरुणाने विचारले, “आज सरकार बंदी घालतं, उद्या उठवतं. मग पापही येतं आणि जातं काय?” त्याने चंद्रपूरचे उदाहरण दिले. त्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि वर्धा तर गांधीजींचा जिल्हा म्हणून अनेक दशके बंदीखाली आहे. एकच बाटली नागपुरात कायदेशीर आणि वर्ध्यात बेकायदेशीर, हे कसे?

प्रश्न योग्य आहे. प्रत्येक बंदी न्याय्य असतेच असे नाही. प्रेषितांना येशूच्या नावाने बोलण्याची बंदी होती. त्यांनी ती जुमानली नाही. १९३० साली सरकारी मक्तेदारीबाहेर मीठ तयार करणे आणि विकणे हा गुन्हा होता. गांधीजींनी दांडीला तो कायदा मोडला, आणि देशभर स्वयंसेवकांनी ते बेकायदेशीर मीठ लोकांना विकले. आपल्या विदर्भाला समुद्र नाही, तरी अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. म्हणजे बंदी घातलेली वस्तू, राजी गिऱ्हाईक आणि विकणारा हे तिन्ही तिथे होते. तरीही त्या विक्रेत्यांना आपण आदराने आठवतो.

मग मीठ विकणाऱ्यात आणि मांजा विकणाऱ्यात फरक काय? आम्हाला तीन फरक दिसले. मिठाने कोणाचे नुकसान होत नव्हते. उलट गरिबाच्या ताटातील ती गरज होती. ते मीठ चारचौघांत, नाव सांगून विकले जात होते, काउंटरखालून नाही. आणि त्याची शिक्षा विकणारा स्वतः भोगत होता. विकणाऱ्याने किंमत स्वतः मोजली, तर तो सत्याग्रह होतो. नफा स्वतः ठेवून किंमत दुसऱ्यावर टाकली, तर तो चोरधंदा होतो.

चोरधंद्याच्या नफ्यातही एक खोच आहे. बंदीच्या जिल्ह्यात बाटलीला जास्त भाव मिळतो, तो का? कारण बाकीचे लोक कायदा पाळतात. शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराने तो माल ठेवला नाही, म्हणून माझ्याकडे गर्दी होते. म्हणजे त्याच्या आज्ञापालनावर मी कमाई करतो. आणि कायदा उठला म्हणून वस्तूचा अपाय संपत नाही. चंद्रपुरात बंदी असताना दारू जे करत होती, तेच ती बंदी उठल्यावरही करते. कायदा आपल्याला सावध करतो. सदसद्विवेकबुद्धीने त्याच्याही पुढे पाहायचे असते.

५. “मी नाही दिलं, तर दुसरा देईल”

शोमरोनमधील जादूगार शिमोन हे पवित्र शास्त्रातील सर्वांत उत्सुक गिऱ्हाईक. प्रेषितांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून त्याने पैसे पुढे केले आणि तो अधिकार विकत मागितला. संत पेत्राच्या नव्या ख्रिस्तसभेला पैशाची गरज नव्हती, असे नाही. पण त्याने ते पैसे धुडकावले आणि तिथेच न थांबता शिमोनाला पश्चात्ताप करायला सांगितले. नकार देऊन त्याने गिऱ्हाइकाला हाकलले नाही. त्याच्या आत्म्याची काळजी केली.

दुसरा कोणी देईल, हे कदाचित खरेही असेल. त्या दिवशी मांजा शेजारच्या गल्लीतून येईल. परंतु देव आपल्याला शेजारच्या गल्लीचा हिशेब विचारणार नाही. सगळेच ‘दुसरा देईल’ असे म्हणतात, म्हणूनच तो सगळीकडे मिळतो.

इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दुसऱ्याच्या पापात आपला सहभाग कसकसा होतो, ते धर्मशिकवण सांगते : स्वतः भाग घेऊन, सांगून किंवा सल्ला देऊन, वाहवा करून, रोखण्याचे कर्तव्य असताना न रोखून आणि दोषींना पाठीशी घालून (परिच्छेद १८६८). सगळ्यांचा वाटा सारखा नसतो. गोदामाचा मालक, दुकानदार आणि महिन्याच्या पगारावर काउंटरवर उभा राहणारा मुलगा यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. ज्याच्या हातात ‘नाही’ म्हणण्याचे जास्त बळ आहे, त्याच्यावर जास्त जबाबदारी.

या यादीत आम्ही स्वतःलाही शोधले आणि सापडलो. आमच्यापैकी काहींनी मागील वर्षांत मुलांच्या हट्टापायी ‘तोच’ मांजा आणला होता. काहींनी पाहूनही शेजाऱ्याला काही म्हटले नव्हते. विकणारा आपल्याच मागणीवर जगतो. गिऱ्हाईक मागते म्हणून तो ठेवतो आणि ते गिऱ्हाईक पुष्कळदा आपणच असतो.

६. पोटाचा प्रश्न

शेवटी त्या बंधूने मनातले सांगितले. संक्रांतीच्या पंधरा दिवसांत जे जास्तीचे मिळते, त्यातून त्याच्या मुलीच्या फीचा एक हप्ता जातो. तो मांजा ठेवला नाही, तर मुले दुसऱ्या दुकानात जातात आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या आयांचे दूध, ब्रेड आणि साबणही जाते. मग त्याने आम्हालाच विचारले, “मी ठेवणं बंद करतो. तुम्ही महिन्याचं सामान माझ्याकडून घ्याल काय?”

खरे सांगतो, आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. आमच्यातील निम्मे लोक सामान मोठ्या मॉलमधून आणतात. आम्ही त्याच्याकडे विवेकबुद्धीची अपेक्षा करत होतो आणि तिची सगळी किंमत त्याच्या एकट्याच्या गल्ल्यातून वसूल करत होतो. वर ज्या तिसऱ्या माणसाविषयी लिहिले, त्याच्यावर ओझे टाकण्याची चूक वेगळ्या रीतीने आम्हीही करत होतो.

जक्कयाने आपली कमाई प्रभूपुढे मोजली, अर्धी गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत केले. पण ते त्याने केले, ते प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर. लोक बाहेर कुजबुजत होते. येशू मात्र आत जाऊन जेवायला बसला. आधी कोणीतरी त्याच्या दारात गेले, मग त्याचा हात सुटला. धर्मग्राम म्हणून आपणही त्या दारात गेले पाहिजे. ज्याने असा धंदा सोडला, त्याच्याकडून वाणसामान घेणे आणि एखाद्या महिन्यात त्याच्या मुलीच्या फीला हातभार लावणे, हे दान नव्हे. त्याच्या त्यागातला तो आपला वाटा आहे.

ज्यांनी आधी अशी कमाई केली आहे, त्यांनी निराश होऊ नये. नुसते पैसे मंदिरात भिरकावून काही साधत नाही. यहुदाने तेही केले. त्याने एकच केले नाही : तो क्षमा मागायला परत आला नाही. प्रायश्चित्त संस्कार सर्वांना खुला आहे. धर्मगुरूंशी बोलून, झालेली हानी कशी भरून काढता येईल, ते ठरवावे.

घरी आणि गटात चर्चेसाठी

१) आपल्या कामात किंवा खरेदीत असा कोणता व्यवहार आहे, ज्याची किंमत तिसराच माणूस मोजतो?

२) ‘गिऱ्हाईक मागते’ किंवा ‘सगळेच करतात’ हे शब्द आपण या महिन्यात कधी वापरले?

३) आपल्या धर्मग्रामातील कोणा कुटुंबाला प्रामाणिक राहणे महाग पडत आहे काय? आपण त्याला काय देऊ शकतो?

या आठवड्यासाठी

घरी नायलॉनची चक्री असेल, तर ती उकिरड्यावर किंवा रस्त्यावर टाकू नये. धागा तिथेही पक्ष्यांना आणि गुरांना अडकतो. कात्रीने बारीक तुकडे करून पिशवीत बांधून द्यावा. मुलांना सुती दोरा आणून द्यावा आणि कारणही समजावून सांगावे. सर्वांनी निदान एक आठवड्याचे सामान आपल्या भागातील छोट्या, सचोटीच्या दुकानातून घ्यावे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझाही सौदा झाला आणि तुला कोणी विचारले नाही. आम्ही विकताना आणि घेताना, जो काउंटरवर नाही त्याची आम्हाला आठवण दे. जे पोटासाठी चुकले, त्यांना परत येण्याचे धैर्य दे आणि त्यांच्यासोबत उभे राहण्याचे मन आम्हाला दे. आमेन.